आकड्यांचं बारसं

मोठा आकडा म्हणजे नवा माल आणि नवा माल म्हणजे जास्त ताकद, या दोन समजुतींवर जुन्या ग्राफिक्स कार्डांची निम्मी खरेदी-विक्री चालते. माझं म्हणणं एवढंच, की कार्डावरचा आकडा पिढी सांगत नाही. त्याचं बारसं कधी झालं, एवढंच सांगतो. आणि या घराण्यांत एकाच बाळाचं बारसं पुन:पुन्हा करायची रीत आहे. २००७च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाने जीफोर्स ८८०० जीटी आणलं. आत जी९२ ही चिप, ११२ प्रोसेसर. पुढच्या वर्षी ९८०० जीटी आलं. आत? जी९२च, आणि प्रोसेसर मोजून ११२. वाढले ते हजार, तेही फक्त खोक्यावर. त्याचा थोरला भाऊ ८८०० जीटीएस ५१२ तर आणखी भाग्यवान. तो थोडा वेग वाढवून ९८०० जीटीएक्स झाला, मग चिप जरा आक्रसून ९८०० जीटीएक्स प्लस, आणि २००९ साली जीटीएस २५०. एएमडीच्या घरीही घुगऱ्या वाटल्या गेल्याच: २०१२च्या आरंभी बाजारात आलेलं रेडिऑन एचडी ७९७० पुढच्याच वर्षी थोड्याफार फरकाने आर९ २८०एक्स म्हणून पुन्हा पाळण्यात बसलं.

निदान या कार्डांत दम तरी होता. काहींच्या बाबतीत मात्र नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. २००१च्या जीफोर्स ३मध्ये प्रोग्रॅम करता येणारे शेडर होते. २००२च्या जीफोर्स ४ एमएक्समध्ये पिक्सेल शेडर नव्हतेच, कारण ते मुळात जीफोर्स २च्या कुळातलं. त्यामुळे शेडरवाचून न चालणारे खेळ तीनला घरात घेत आणि चारला दारातूनच परत पाठवत. जीटी ७३०ने तर कमाल केली. त्या एकाच नावाखाली ९६ कोअरचं जुनं फर्मी मिळत होतं आणि ३८४ कोअरचं केप्लरही. दोन पिढ्या एका खोक्यात, आणि खोक्यावर जाहिरात फक्त मेमरीची. क्रमाचं म्हणाल, तर ९०० नंतर १० आलं, १० नंतर २०, आणि २० नंतर १६. अंकलिपी शिकणाऱ्या पोराच्या हाती ही यादी पडू देऊ नये.

यावर जाणकार म्हणतील, नाव सोडा, आतले आकडे ताडून पाहा. पाहू. जीटीएक्स ५८०मध्ये ५१२ कोअर, जीटीएक्स ६८०मध्ये १५३६. म्हणजे वेग तिप्पट? नाही. आधीच्या पिढीचे कोअर चिपच्या उरलेल्या भागाच्या दुप्पट गतीने धावत. नंतरच्या पिढीने ती धावपळ बंद करून माणसं वाढवली. घराणं बदललं की हिशोब आणखी बिघडतो. रेडिऑन एचडी ५८७०मध्ये १६०० प्रोसेसर होते आणि जीटीएक्स ४८०मध्ये ४८०, तरी बऱ्याच खेळांत ४८०च पुढे. मग मेमरी तरी? जीटी १०३०ची दोन रूपं, दोन्हींत २ जीबी. पण जीडीडीआर५ असलेलं सेकंदाला ४८ जीबी वाहून नेतं, तर डीडीआर४वालं जेमतेम १७. टाक्या सारख्या, नळात फरक.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: मग पिढी ही निव्वळ थापच का? तसं नाही. रचना खरोखर बदलली, की फरक विजेच्या बिलात दिसतो. जीटीएक्स ७८० टीआय २५० वॉट मागत असे. २०१४चं जीटीएक्स ९७० साधारण तेवढंच काम १४५ वॉटमध्ये करू लागलं. (अर्थात त्याच्या ४ जीबीपैकी अर्धा जीबी फार मंद निघाला, खरी प्रगतीसुद्धा इथे थोडा चुना लावूनच येते.) नव्या पिढीला ड्रायव्हरही जास्त काळ मिळतात, हेही मान्य. तिसरा उपाय म्हणून कोणी चाचण्यांचे तक्ते पुढे करील. तक्ते चांगलेच, पण २०१२चा आणि २०१६चा तक्ता शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करू नये. खेळ वेगळे, ड्रायव्हर वेगळे, आणि एका वर्षीचं ‘अल्ट्रा’ दुसऱ्या वर्षी ‘मीडियम’ ठरलेलं. दोन्ही कार्डं एकाच चाचणीत उतरली असतील, तरच निकाल मानावा.

म्हणून जुनं कार्ड घेताना चिपचं मूळ नाव, मेमरीचा प्रकार, लागणारे वॉट आणि आपल्याला हव्या त्याच खेळातली मोजणी, या चार गोष्टी विचाराव्यात. लॅमिंग्टन रोडवरचा विक्रेता तरीही खोक्यावरचा मोठा आकडाच दाखवत राहिला, तर त्याच्याशी वाद घालू नये. मोठा आकडा त्याने सांगावा. आपण किंमत म्हणून लहानसा आकडा सांगावा.