चोपडशास्त्र

गळतं तिथे काहीतरी चोपडायचं, हा आमच्या घरातला जुना कुळाचार आहे. पत्रा गळला की डांबर, टाकी गळली की एम-सील, नळ गळला की टेफ्लॉनची पांढरी पट्टी. वडिलांनी एका बादलीला इतकं एम-सील थापलं होतं, की रिकामी बादली उचलायलाही दोन माणसं लागत. अशा घरात वाढल्यामुळे सासऱ्यांच्या चेतक स्कूटरखाली ऑइलचं डबकं दिसलं, तेव्हा मला एकच प्रश्न पडला: काय चोपडायचं? कुठून गळतंय, हा प्रश्न पडलाच नाही. तो मिस्त्री लोकांचा प्रश्न.

ही चेतक सासऱ्यांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. लग्नात ती मला मिळाली नाही. गुडघे दुखायला लागल्यावर मिळाली, गुडघे त्यांचे. "सांभाळा, जावईबापू," एवढंच ते म्हणाले. त्या 'सांभाळा'चा अर्थ 'हात लावू नका' असा होता, हे त्यांनी नंतर, फार नंतर, उलगडून सांगितलं.

मी अभ्यासाला लागलो. रात्र-रात्र व्हिडिओ बघितले आणि जेवताना घरच्यांना शिकवायला सुरुवात केली. टू-स्ट्रोक इंजिनाची खोच अशी, की पेट्रोल आणि हवा सिलिंडरमध्ये थेट जात नाहीत. आधी खाली क्रँकच्या खोलीत येतात, पिस्टन खाली उतरताना तिथे दाबल्या जातात आणि मग बाजूच्या वाटांनी वर ढकलल्या जातात. म्हणजे तिथला प्रत्येक जोड ऑइल तर अडवतोच, शिवाय हवाही अडवतो. ऑइल बाहेर गळलं तर फार तर फरशी खराब होते. हवा आत गळली तर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन तापतं, आणि पिस्टन बोअरमध्ये धरतो. "कळलं?" मी विचारलं. "वरण वाढू का?" बायकोने विचारलं.

चोपडायच्या पदार्थांचंही मी वर्गीकरण केलं. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं. पातळ पत्र्याच्या, थोड्या वाकड्या जोडांना चांगलं, पण पेट्रोल लागलं की फुगतं. अ‍ॅनारोबिक जातीचं सीलंट नेमकं उलटं: धातूच्या दोन सपाट, घट्ट आवळलेल्या पृष्ठभागांमध्ये हवा कोंडून संपली की मगच घट्ट होतं. हायलोमर कधी वाळतच नाही, म्हणून परत खोलताना त्रास नाही. आणि शेलॅक, आपल्या आजोबांच्या वेळचं. एवढी तयारी करून शनिवारी मी नाना पेठेत गेलो.

"चेतकच्या सिलिंडरखालचं पॅकिंग पाहिजे, आणि त्याला लावायला सीलंट," मी म्हणालो.

"पॅकिंग कागदाचं आहे," दुकानदार म्हणाला. "त्याला काही लागत नाही. फार तर ग्रीसचं बोट फिरवा."

इतकी रात्रपाळी करून मिळवलेल्या विद्येची किंमत ग्रीसचं बोट! मी अ‍ॅनारोबिकचाच हट्ट धरला. त्याने निमूटपणे बाटली काढून दिली. मी ती उजेडात धरली, तर निम्मीच भरलेली. मग काय, मी आवाज चढवला. अर्धी बाटली पूर्ण भावात, गिऱ्हाईक काय दुधखुळं वाटलं का, वगैरे. "साहेब, कंपनीतूनच अशी येते," तो म्हणाला. मी छद्मी हसलो, पॅकिंगचे पैसे टाकले आणि बाटली काउंटरवर ठेवून तडक बाहेर पडलो.

आता, हवा संपली की हे द्रव्य घट्ट होतं, हे मला पाठ होतं. म्हणजे बाटलीत हवा हवीच, नाहीतर ते बाटलीतच दगड होईल. म्हणूनच ती मुद्दाम अर्धवट भरतात. हे एवढं एक पाऊल पुढे टाकायला आइन्स्टाइन लागत नाही. पण मी तेव्हा रागात होतो, आणि माझ्या घरात राग आणि तर्कशास्त्र एका वेळी नांदत नाहीत.

रविवारी दुकानं बंद. सिलिंडर खोलून पडलेला. तेव्हा मला बेसिनमागे उरलेली ट्यूब आठवली. प्लंबर फटी भरून गेला तेव्हा मागे राहिलेली, पांढरी, बाथरूमची. सिलिकॉन ते सिलिकॉन, मी स्वतःला सांगितलं. ज्याने आदल्याच रात्री 'सिलिकॉन पेट्रोलने फुगतं' असं वरणावर सांगितलं होतं, त्याने हे सांगितलं.

आधी जुनं पॅकिंग खरवडणं आलं. ते कशाने खरवडावं? स्क्रू ड्रायव्हरने. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, हे पहिल्या ओरखड्यानंतर कळलं. पण मग ओरखडा भरून काढायला सिलिकॉन आहेच की, म्हणून पुढचे निर्धास्तपणे मारले. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ट्यूब पिळली. हात मोकळाच होता, म्हणून कार्बोरेटरच्या बुडालाही पिळली. घरभर लोणच्यासारखा आंबूस वास सुटला. या बाथरूमच्या सिलिकॉनमधून वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच, आणि धातूला ते मानवत नाही. पण बायकोने "कैरी घातलीय का कुणी?" असं विचारलं, तेव्हा मला उगाच एक घरगुती समाधान वाटलं.

नट आवळले तशी चारी बाजूंनी पांढरी गोट बाहेर आली. किती छान बसलंय, असं वाटलं. बाहेर आलंय तेवढंच आतही गेलं असणार, हा विचार शिवला नाही. चोवीस तास वाळू द्यायचं असतं. मी चहा होईपर्यंत थांबलो.

चेतक सुरू झाली, आणि थांबेना. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज चढतच गेला. कार्बोरेटरखालचं सिलिकॉन पेट्रोलने सुटलेलं, सिलिंडरखालचं अजून ओलं. मिळेल त्या फटीतून इंजिन हवा ओढत होतं. हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण समजून मी जिवाच्या आकांताने दाबत राहिलो ते हॉर्नचं. म्हणजे सोसायटीला इंजिनाची किंकाळी आणि तिच्यावर सनईसारखा हॉर्न, असा दुहेरी कार्यक्रम मिळाला. लोक गॅलऱ्यांत आले. चेअरमन लुंगीवर खाली आले. शेवटी सासरे दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरत आले, माझा अंगठा बाजूला केला, शेजारचं बटण दाबलं आणि एक शब्द न बोलता वर गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी सिलिंडर काढला तेव्हा आतून पांढरे लोंबते तुकडे निघाले. मिश्रण वर जायच्या वाटेत एक मोठा गुंतवळ बसला होता. "बेसिन बसवायचा होता का?" त्यांनी विचारलं. मग नख घेऊन त्यांनी माझ्या ओरखड्यांवरून फिरवलं. प्रत्येक ठिकाणी नख अडकलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. सिलिंडरचा तळ त्यांनी काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर घासायला घेतला, इंग्रजी आठचा आकडा काढत, सगळा तळ एकसारखा दिसेपर्यंत. क्रँकच्या चेंबरच्या बाजूचे ओरखडे मात्र बारीक दगडाने, एकेक.

माझं पॅकिंग अर्थात फाटलं होतं. त्यांनी पॅकिंगचा कागद चेंबरच्या तोंडावर धरला आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत गेले. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जात होता. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगचा छर्रा ठेवून एकेक टिचकी. गोल टिकल्या गळून पडल्या. मी बघतच राहिलो. पण विद्या गप्प बसू देत नाही. फळीवर शेलॅकची बाटली दिसली तसा मी सुरू झालो: शेलॅक म्हणजे लाख, पांडवांचं घर याच लाखेचं, ती अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा पेट्रोलच्या जोडाला ती अजिबात…

"ती कपाटाला पॉलिश करायला आणलीय," मिस्त्री म्हणाले, आणि पॅकिंगवर ग्रीसचं बोट फिरवलं.

सगळं जोडून झाल्यावर त्यांनी वाकून इंजिनाच्या बुडाशी बघितलं. डबकं होतं ते गिअर ऑइलचं. ड्रेन बोल्टचा वायसर चेपून सपाट झाला होता. त्यांनी खिशातून नवा काढला, घातला, बोल्ट आवळला. सिलिंडर खोलायची गरज मुळात नव्हती.

बिल त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं. वायसर, पॅकिंग, ग्रीस, असे किरकोळ आकडे. त्यांच्याखाली सगळ्यात मोठी रक्कम, आणि तिच्यासमोर 'साहेबांचं काम काढणे'. सासऱ्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"एवढंच घेतलं?" ते म्हणाले. "भला माणूस दिसतो."