उजव्या हाताला तर्री, डाव्या हाताला रील

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे कुणाला सांगू नका. सांगितलंत तरी बिघडत नाही म्हणा, नागपूरच्या धरमपेठेत एव्हाना सगळ्यांना कळलंच आहे. आमच्या गल्लीत परवा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. पोहे आले, संत्रा बर्फी आली, पाठोपाठ मुलगी आली आणि खाली मान घालून बसली. जुन्या वळणाची आहे हो, असं मुलाच्या आईला वाटायला हवं होतं. पण तिला सवड कुठे? तीही खाली मान घालूनच बसली होती. मुलाची मान खाली, मुलाच्या बापाची मान खाली. पूर्वी या कार्यक्रमात एकटी मुलगी लाजायची, आता अख्खा दिवाणखाना लाजतो. शेवटी मध्यस्थ काकाजी खाकरून म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारून घे, बाबू." मुलगा मान वर न करता म्हणाला, "झालं ना जी विचारून. ती म्हणते, पोहे नको खाऊ, मीठ डबल पडलं." तोवर मुलाच्या बापाच्या दोन प्लेटा संपल्या होत्या. त्यांना ना मीठ कळलं, ना पोहे.

लग्न जमलं म्हणतात. पोरांचं मला काही नाही, त्यांनी निदान एकमेकांशी बोलणं तरी केलं. मला धसका बसला तो त्या बापाचा.

कारण आपल्याकडे मोबाइलचा विषय निघाला की पहिलं बोट पोट्ट्यांकडे. यवतमाळ जिल्ह्यातलं, पुसद तालुक्यातलं बान्सी घ्या. २०२२ च्या नोव्हेंबरात त्या गावाने ठराव केला, १८ वर्षांखालच्यांना मोबाइल बंद. बातमी देशभर गेली. ठराव चांगलाच, माझं काही म्हणणं नाही. पण मनात आलं, १८ च्या वरच्यांचं काय? त्यांच्यावर ठराव करायला कोण बसणार? त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने जास्त हुशारी केली. तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. पोरांचेही आणि आईबापांचेही. नागपुरात हे करून पाहा बरं! टेकडीच्या गणपतीवरून भोंगा वाजला, तर सात वाजून एक मिनिटाला सीताबर्डीवरून त्याचे व्हिडिओ निघतील आणि "भोंगा काऊन वाजून राहिला?" हे विचारायला सगळं शहर एकमेकांना फोन लावेल.

आमच्या ओळखीत एक काकाजी आहेत. सेवानिवृत्त, खात्याचं नाव सांगत नाही. त्यांच्या वडलांच्या पिढीतले काकाजी 'हितवाद'च्या मागे तोंड लपवून बसायचे. हा पेपर नागपुरात १९११ पासून निघतो, म्हणजे किती बायकांनी त्याच्या मागच्या पानाला "भाजी वाढू का?" विचारलं असेल, देव जाणे. पण पेपर बिचारा मुका होता. आमच्या काकाजींचा फोन बोलतो, तोही पूर्ण आवाजात, आणि सगळ्या घराने ऐकावं अशी त्यांची इच्छा असते. परवा त्यांच्याकडे वडाभात होता. काकू भातावर वडे कुस्करून हिंग-मिरचीचं कडकडीत तेल सोडत होत्या आणि काकाजी खणखणीत वाचत होते, जेवताना मोबाइल पाहिल्याने अन्न अंगी लागत नाही. "ऐकलं का? सगळ्यायले पाठवून देतो." पाठवलंही, तेलाच्या बोटाने. समोर बसलेल्या सुनेचा फोन टिंग वाजला, नातवाचा वाजला, काकूंचा तर ओट्यावर मिसळणाच्या डब्यामागे वाजला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपात पूर्वी २५६ माणसं मावायची, २०२२ पासून १०२४ मावतात. एवढी माणसं आमच्या लग्नालाही नव्हती. तेवढ्या गोतावळ्याला ताकीद देऊन झाल्यावर काकाजी कोणकोण अंगठा दाखवतं ते पाहत बसले. वडाभात गार. काकूंचा चेहरा मात्र गरम.

हे काही एका रात्रीत झालं नाही. ३१ जुलै १९९५ ला तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही मिनिटामागे पैसे पडायचे. २००३ पर्यंत पडत होते. त्या काळात जेवताना फोन वाजला की माणूस घास टाकून अंगणात पळायचा आणि दोन वाक्यांत विषय संपवायचा. पैसे पडत होते तोवर शिस्त होती हो! मग येणारा कॉल फुकट झाला, २०१६ नंतर डेटाही पाण्याच्या भावात गेला, आणि फोन अंगणातून उठून थेट ताटाशी आला. बसला कुठे तर डाव्या बाजूला. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं यांची ती जागा; आजीने वाढताना कधी चुकवली नाही. आता लोणच्याची बरणी फोनला टेका द्यायला ठेवतात.

एक जागा अशी होती, जिथे फोन हरेल अशी माझी खात्री होती. सावजी भोजनालय. हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरून निघालेलं हे जेवण. जवसाचं तेल, भाजलेला काळा मसाला आणि वर बोटभर तर्री. खाताना नाक वाहतं, डोळे वाहतात, कानशिलं तापतात. त्यात खूर मागवला असेल तर दोन्ही हात गुंतलेच. तिथे फोन कोण धरणार?

पाहिलं तर काय! पलीकडच्या टेबलावर एक पोट्टा, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल, फोन स्टीलच्या जगाला टेकवलेला. रील संपली. मी मनात म्हटलं, आता कसा? पठ्ठ्याने करंगळी वर केली. नऊ बोटं रश्श्यात आणि ती एक खडखडीत कोरडी राखलेली. टुक. पुढची रील. कृष्णाने गोवर्धन पेलला त्यानंतर या बोटावर एवढी जबाबदारी आली नसेल. त्याचा मित्र त्याच्याही वरचा. त्याला कॉल आला, तर त्याने खाली वाकून नाकाने उचलला. वाहत्या नाकाने. मायबाई!

नाकाला काच कशी काय मानते, म्हणून मी मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं, कातडी टेकली की त्या जागेचा भार बदलतो आणि फोनला कळतं. बोट काय, नाक काय, त्याच्या लेखी सारखंच. पाण्याचा थेंब पडला तरी कधी कधी त्याला बोट टेकल्याचाच भास होतो.

या थेंबाने नंदनवन भागातल्या एका घरी जो अनर्थ केला, तो ऐका. जेवताना व्याह्यांकडून आलेल्या आहेराचा विषय रंगला होता. सासूबाई म्हणत होत्या, "साडी तं अशी दिली, का पोछा माराले घेतली तरी फाटून जाईन." फोन ताटाशेजारी उघडा. त्यावर वरणाचा थेंब पडला. त्यांनी बोलता बोलता ओल्या अंगठ्याने तो पुसला आणि थेट विहिणीला व्हिडिओ कॉल लागला. तिकडेही जेवणंच चालली होती, तिचाही फोन तांब्याला टेकलेला, त्यामुळे तिने पहिल्या रिंगला उचलला. उचलला आणि गप्प बसली. साडी झाली, टोपी-उपरणं झालं, शिदोरीच्या लाडवांचा आकार झाला. मग शांतपणे म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या वरणात सांबार कमी दिसून राहिला." कोथिंबिरीवरून एवढा अपमान नागपुरात याआधी झाला नसावा.

लग्नाच्या लॉनवर आणखी गंमत. एक भाऊजी कानात ती पांढरी बोंडं घालून पंगतीला बसले होते. गाण्याच्या तालावर मान डोलत होती. वाढपी समोर उभा, "जिलबी?" मान हलली, पडली. "अजून?" हलली, पडली. गाणं संपेस्तोवर ताटात मठ्ठ्याच्या वाटीलाही जागा उरली नाही. आग्रह करकरून वाढायची आपली रीत बुडाली म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.

फोटो आधी आणि घास मागून, हे तर आता देवाला नैवेद्य दाखवावा इतकं रूढ झालं आहे. सदरमधल्या डॉली चहावाल्याचंच घ्या. २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतानाचा व्हिडिओ टाकला. तो काढला हैदराबादेत, आणि पाहुणा कोण होता हे या गड्याला नंतर कळलं, असं तो स्वतःच सांगतो. मला त्याचं कौतुकच आहे. चहा करताना तरी त्याचं लक्ष चहात असतं. पिणारे पाहा! ग्लास ओठाशी नेतात, खाली आणतात, "परत घे बे, माझे डोळे मिटले होते." चार वेळा ओठाशी गेलेला चहा पाचव्यांदा कोण पिणार?

म्हणून यंदा मी मनावर घेतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते; काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. तिच्याबरोबर दर वर्षी नवे बडगेही, म्हणजे तिच्यासारखेच पुतळे, निघतात. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, जो विषय डोक्यात गेला असेल त्याचा. ते जाळले की पीडा गेली. मी मंडळाच्या पोरांना म्हटलं, या वर्षी ताटावरच्या मोबाइलचा बडग्या करा. वर्गणी मी देते. पोरं खूश. "करून टाकू ना जी काकू! पण कोणत्या मॉडेलचा करायचा?"

तिथेच घोडं अडलं. मंडळात दोन तट पडले, एक म्हणतो घडीचा, दुसरा म्हणतो साधा. वडाभातवाले काकाजी सल्लागार आहेत. त्यांचं म्हणणं, अक्षरं मोठी दिसणारा करा. पोळा तोंडावर आला आहे, बडग्याला अजून पायसुद्धा बसले नाहीत. पाठीवर कॅमेरे मात्र चार बसवून झाले आहेत, आणि पाचवा हवा म्हणून काल वर्गणी पुन्हा मागायला आले होते.