जपी ग्या

मागच्या मार्चमध्ये मी एका ठेवीदाराला 88.5 टक्के व्याज देऊ केलं. द्यायचं होतं 8.5. पहिला आठ लिहिला, डोळा लागला, डोळा उघडला आणि आठ लिहायचा राहिलाय असं समजून दुसरा लिहिला. ठेवीदार रावेरकडचे केळीवाले. त्यांनी पावती वाचली, घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात सरकवली आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मला ‘साहेब’ म्हणाले. त्यांना जिन्यात गाठून पावती परत आणताना आमच्या शिपायाची जी दमछाक झाली, तिचा चहा मी अजून पाजतो आहे.

मला गोळी सुरू होऊन तेव्हा सहा दिवस झाले होते.

त्याआधीचे पाच महिने मला झोपच नव्हती. घर जळगाव स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. रात्री दोन ते पाच या वेळात किती मालगाड्या जातात हे रेल्वेखालोखाल मला ठाऊक होतं. डबे मोजायचो. अठ्ठावन्नपर्यंत आलं की मन भलतीकडेच जायचं, आणि ते जिथे जायचं तिथला पत्ता मी इथे देत नाही. बोलावंसं वाटेना, खावंसं वाटेना. तरी घरात कुणाला फारसं काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे गप्प बसणाऱ्या पुरुषाला समजूतदार म्हणतात. पण डिसेंबरात मळ्यातल्या भरिताला मी ‘नको’ म्हणालो आणि बायकोच्या हातातली कांद्याची पात गळून पडली. खानदेशात माणूस भरिताला नाही म्हणाला की ताप बघत नाहीत, थेट डॉक्टर शोधतात. तरी योग्य डॉक्टर सापडेपर्यंत मार्च उजाडला. आधी रक्त तपासलं, मग पोट, मग पत्रिका.

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे लोकांना थेट येरवडा नाहीतर ठाणंच दिसतं. सरकारची जुनी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि त्यातलं एकही खानदेशात नाही. त्यामुळे आमच्याकडे वेड लागायलाही परगावी जावं लागतं असा समज आहे. माझा डॉक्टर मात्र बाजारपेठेतच, पहिल्या मजल्यावर निघाला. शेजारी दातांचा दवाखाना, बाक दोघांत एकच. मी पाहिलं, तर बाकावरचे सगळे गालाला हात लावून बसलेले. मीही लावला. दातांच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन ‘कोण आहे पुढे?’ विचारलं, तर एकही माणूस उठला नाही.

डॉक्टर तरुण, पुण्याकडचे. त्यांनी मिर्टाझेपिन नावाची गोळी लिहून दिली. म्हणाले, “पहिले दोन आठवडे सुस्ती राहील. स्कूटर चालवू नका. दारू नाही. कंटाळा आला म्हणून गोळी मनाने सोडायची नाही, जड वाटलं तर मला फोन करा. बाकी काही नाही, जपा.”

संध्याकाळी धुळ्याहून मायचा फोन. ती अहिराणीतच बोलते, आणि फोन हे यंत्र तिच्या मते ओरडण्यासाठी आहे.

“डॉक्टरनी काय सांगं?”

“म्हणाले, जपा.”

“मंग जप ना भो!”

आता हे खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. अहिराणीत ‘जपणं’ म्हणजे झोपणं. पुण्याचा डॉक्टर काळजी घ्या म्हणाला. मायने ऐकलं, झोपा. दोघांचाही सल्ला मी एकाच क्रियापदात पाळला. रात्री दहाला गोळी घेतली, आणि सकाळी साडेनऊला बायकोने माझ्या नाकाशी हात धरून बघितलं.

ती झोप कशी होती हे सांगणं कठीण आहे. विहिरीत पडावं, पण पाणी कोमट असावं, तशी. पाच महिन्यांनंतर मालगाडी मला न विचारता गेली. सकाळचं मात्र काही विचारू नका. डोकं म्हणजे ओल्या कापसाचं गाठोडं. दात घासताना ब्रश तोंडात धरून मी पाच मिनिटं भिंतीला टेकलेला असायचो. एकदा चहात बिस्कीट बुडवलं आणि ते बाहेर काढायचं मध्येच विसरलो.

ऑफिसात सांगायचं काय? ‘नैराश्यावरची गोळी’ म्हणावं तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे मोठ्या रकमेचे व्यवहार येणार नाहीत आणि टाचण्यांची डबीही दूर सरकेल. मी म्हणालो, सर्दीची गोळी. ती खाऊन पेंगणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. लगेच सहानुभूती सुरू झाली. कुणी ओव्याची पुरचुंडी आणली, कुणी हळद-दुधाचा उपदेश केला, वसुली विभागातल्या ताईंनी सुंठ आणली. अडचण एवढीच झाली की पुढे मे आला. जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, कुलर गरम वारा फेकतोय, डांबर चपलेला चिकटतंय आणि मी सर्दीला जागून मफलर गुंडाळून बसलेलो. मॅनेजर म्हणाले, “तुमची सर्दी चिवट आहे हो.” मी नाक ओढलं. नाक कोरडं ठणठणीत.

नंतर वाचता वाचता कळलं की मी तसं खोटं बोललोच नव्हतो. मेंदूत हिस्टामीन नावाचं द्रव्य असतं, ते आपल्याला जागं ठेवायला मदत करतं. सर्दीच्या जुन्या गोळ्या त्यालाच अडवतात, म्हणून पेंग येते. आणि माझी गोळीही त्याच दारावर बसते. त्याहून गंमत म्हणजे ही जवळीक जुनी आहे. 1950 च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या रोन-पूलांक कंपनीत क्लोरप्रोमझीन तयार झालं, ते ॲलर्जीच्या औषधांच्या घराण्यातूनच. 1952 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी ते मनाच्या रुग्णांना दिलं आणि मनाच्या औषधांचं नवं युग सुरू झालं. म्हणजे सर्दीची गोळी आमच्या गोळीची लांबची मावशी. हे मी मॅनेजरांना सांगणार होतो, पण त्यांना सांगायला गेलो तेव्हा ते स्वतःच खुर्चीत डुलत होते, आणि त्यांनी कसलीही गोळी घेतलेली नव्हती. त्यांची झोप उन्हाच्या खात्यावर जमा.

इथेच माझी खरी तक्रार आहे. आमच्याकडे झोपेला बंदी कधीच नव्हती. उन्हाने झोपा, शेवभाजीने झोपा, लग्नाच्या पंगतीनंतर मांडवातच झोपा. फक्त कारण पोटात किंवा आभाळात असलं पाहिजे, डोक्यात नको.

स्कूटर बंद, म्हणून मायला भेटायला रेल्वे. एसटी आहे, एरंडोल-पारोळा करत सरळ धुळ्याला नेते. पण ती पुढे मालेगाव-नाशिकची असली तर आपल्याला धुळ्यात जागं असावं लागतं. एकदा मी मालेगावात जागा झालो आणि तिथून मायला फोन केला, तर ती म्हणाली, “तठे कसाले गया?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून मी चाळीसगावमार्गे जातो. चाळीसगाव-धुळे हा छप्पन्न किलोमीटरचा फाटा 1900 सालचा, आणि आमच्या तिकडच्या लोकांची शंभर वर्षांची कुरकुर अशी की गाडी धुळ्यात येऊन थांबते, पुढे जात नाही. माझ्यासारख्याला मात्र याहून सोयीची गाडी भारतात नसेल. धुळ्याच्या पुढे रूळच नाहीत, तर झोपून जाणार कुठे? फक्त चाळीसगावला गाडी बदलताना जागं राहायचं. त्यासाठी मी समोरच्या प्रवाशाला आधीच सांगून ठेवतो. खानदेशातल्या प्रवाशाने असं काम अंगावर घेतलं की तो पाचोऱ्यापासूनच उठवायला लागतो.

धुळ्यात आमचे आप्पाकाका आहेत. समर्थभक्त. गावात समर्थ वाग्देवता मंदिर आहे, रामदासी पोथ्या-बाडं तिथे जपून ठेवलीत (इथे जपून म्हणजे जपूनच), आणि आप्पांची ऊठबस तिकडे. दुपारी मी ओसरीवर आडवा दिसलो की ते आळशी माणसाचं पुढे काय होतं हे समर्थांच्या हवाल्याने मोठ्यांदा सांगायचे. शेवटी मीही दासबोध काढला. अठराव्या दशकाचा नववा समास, नाव निद्रानिरूपण. वाचून बघा. कुणी जांभया देतंय, कुणी घोरतंय, कुणी बरळतंय, कुणी दात करकरा वाजवतंय, कुणाचं मुंडासं सुटलंय. आमच्या घरातल्या लग्नाच्या आदल्या रात्रीचा पंचनामाच! समर्थांनी इतकं बारीक पाहिलंय म्हणजे ते सगळे झोपलेले असताना जागे होते, आणि मला उगीच वाटून गेलं की माझे ते पाच महिने त्यांना समजले असते. आप्पांना समास दाखवला. त्यांनी चष्मा लावला, चार ओव्या वाचल्या आणि पाचव्या ओवीवर पोथी छातीवर ठेवून घोरायला लागले.

दोन आठवड्यांनी सुस्ती थोडी उतरली, महिन्याने बरीच. डॉक्टरांनी गोळीची वेळ दहावरून साडेआठवर आणली, त्याने सकाळचा कापूस सुकला. पण संध्याकाळचं गणित नवीन झालं. साडेनऊला मी जो काही असतो तो सहीचा अधिकार असलेला माणूस नसतो. बायकोने हे ओळखलं. घरातले महत्त्वाचे प्रस्ताव ती आता पावणेदहाला मांडते. त्या वेळात मी नवा फ्रीज, तिच्या भावाला उसने वीस हजार आणि मुलीची गोव्याची सहल, तिन्ही गोष्टींना ‘हं’ म्हटलंय. सकाळी विचारलं तर म्हणते, तुम्हीच तर मान डोलावली. डोलावली असेल, ती डोलतच होती.

या डिसेंबरात मळ्यात भरीत झालं. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या-लसूण, वरून कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. मी तीन वेळा वाढून घेतलं आणि बायको दुसरीकडे बघत राहिली. जेवण झाल्यावर बावीस माणसं लिंबाखाली सतरंजीवर आडवी झाली. मफलर नाही, सर्दी नाही, कुणी काही विचारलं नाही. त्या बावीसांत गोळीवाला कोणता, हे समर्थांनाही सांगता आलं नसतं.

रात्री घरी आल्यावर मायचा फोन आला. “जेवना का? गोई लिधी का?” मी हो म्हणालो, भरिताचं सांगू लागलो, आणि वांग्यापाशी कुठेतरी आवाज लांब गेला. फोन हातातून उशीवर पडला होता. तिकडून माय ओरडतच होती. बायको जळगावची, सोळा वर्षांत तिने अहिराणीचा एक शब्द तोंडातून काढलेला नाही. मला अर्धवट ऐकू आलं, तिने फोन उचलला आणि हळू आवाजात म्हणाली,

“आई, जपी ग्या.”