अरुंद जागेतलं सौजन्य

रामनवमीला पोहरादेवीत माणूस चालत नाही, वाहतो. मानोऱ्याच्या बाजूनं जीपा, ट्रॅक्टर भरभरून तांडेच्या तांडे येतात, बायकांच्या फेटियांवरच्या (घागऱ्यांवरच्या) आरशांत ऊन लखलखतं, आणि बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीपाशी बॅरिकेड जवळ आले की हा लोंढा घट्ट होतो. चाल मुंगीची, रेटा मात्र बरगड्या मोजून घेणारा. पाण्याचं नेमकं उलटं. रुंद नळीतून निमुळत्या नळीत शिरताना ते कुरकुरत नाही, पाय उचलतं. व्यास निम्मा झाला तर वेग चौपट, आणि भिंतीवरचा रेटा कमी. आडव्या नळीवर काचेच्या उभ्या नळ्या बसवून पाहाव्यात: जिथं पाणी सर्वांत घाईत, तिथल्याच काचेत ते सर्वांत खाली. घाईतल्यानं शेजाऱ्याला कमी ढकलावं, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

डॅनिएल बर्नुलीनं वेग आणि दाबाचं हे नातं १७३८ साली ग्रंथात मांडलं. ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्यानं स्वतःची ओळख ‘योहानचा मुलगा’ अशी छापली. योहानही मोठे गणिती. पण पॅरिसच्या अकादमीचं १७३४ चं बक्षीस बापलेकांत वाटलं गेलं आणि वडिलांचं बिनसलं ते बिनसलंच. पुढं त्यांनी पाण्याच्याच विषयावर पुस्तक काढलं आणि त्यावर साल घातलं मुलाच्या ग्रंथाआधीचं, १७३२! एका घरात दोन गणिती म्हणजे जागा फारच अरुंद. तिथं पाण्याचा नियम चालला नाही, जत्रेचा चालला.

वाटीभर पाणी रुपयाला विकलं जाईल, असं सेवालाल महाराज सांगून गेल्याचं तांड्यातली म्हातारी माणसं सांगतात. आता चैत्रातल्या या जत्रेत बाटल्यांचे ढीग पाहून वाटतं, भाव त्यांनी भक्तांच्या खिशाकडं बघूनच सांगितला असावा. फुकटचं पाणी मात्र एका लोखंडी नळीला ओळीनं बसवलेल्या तोट्यांतून येतं. पहिलीची धार मनगटाएवढी, शेवटच्या तोटीची करंगळीएवढी. मधली एखादी बंद झाली की शेवटची फुगते. नळीतून पाणी कमी धावलं की घासाघाशीत दाबही कमी खर्ची पडतो, म्हणून. शेवटच्या तोटीखाली तांब्या धरून बसलेल्या एका याडीला (आईला) हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मधल्या तोटीवर मनसोक्त तोंड धुणाऱ्या पोराला ती म्हणाली, “झालं असन तर बंद कर ना बाप्पा.” त्यानं निमूट तोटी आवळली. तांब्या भरताच तिनं आपली तोटी बंद केली आणि त्याच्याकडं वळून म्हणाली, “सोड आता. कानामागचं राहिलं तुझं.”