आठ ग्लासांची भानगड

अहो, तहान लागल्यावर पाणी पिणं हे आता म्हणे अडाणीपणाचं लक्षण आहे. ‘तहान लागली म्हणजे उशीर झालाच समजा!’ असं आमच्या सोसायटीच्या योगवर्गात परवा ठणकावून सांगण्यात आलं, आणि समस्त वहिनीवर्गाचे हात चटकन आपापल्या बाटलीकडे गेले. आणि बाटली तरी कसली! दोन लिटरचा गुलाबी-जांभळा हंडाच तो. वर नळी, कडेला कडी आणि अंगावर चक्क वेळापत्रक. सातच्या रेघेवर सुप्रभात, अकराच्या रेघेवर ‘थांबू नका’, संध्याकाळी पाचला ‘थोडंच राहिलं’. हे सगळं इंग्रजीत, म्हणजे शास्त्रीय असणारच. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची बाटली अकरावर आणि घड्याळ साडेबारावर! बाईंनी लिफ्टमध्ये उभ्याउभ्या दीड तासाची थकबाकी गटागटा फेडली. मग सोसायटीच्या मीटिंगभर त्यांची जी चुळबुळ चालली होती, ती बघवत नव्हती.

पण अमेरिकेपुढे आपण किस झाड की पत्ती. शंभर वर्षांहून जुनी ती स्टॅनली कंपनी, कामगारांच्या थर्मासबद्दल नावाजलेली. तिच्या दांडीवाल्या गुलाबी टंबलरसाठी जानेवारी २०२४ मध्ये ‘टार्गेट’ नावाच्या तिथल्या दुकानांत झुंबड उडाली. पाणी पिण्याच्या भांड्यासाठी, बरं का! आमच्या आजीने पितळी फुलपात्रात जन्म काढला.

आता मुळात हे ‘रोज आठ ग्लास’ आलं कुठून? जाणकारांचा संशय १९४५ सालावर आहे. त्या साली अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने लिहून ठेवलं, की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरे. आणि लगेच पुढे लिहिलं, की यातलं बरंचसं तयार अन्नातच असतं. झालं! अडीच लिटर तेवढे जगाने उचलले आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं. २००२ मध्ये हाइन्झ वाल्टिन नावाच्या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने या आठ ग्लासांचा पुरावा शोधला. निरोगी माणसाला रोज एवढं प्यावंच लागतं, असं सांगणारा धड पुरावा त्यांना मिळाला नाही. २०२२ मध्ये तर ‘सायन्स’मध्ये २३ देशांतल्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास छापून आला. वय, हवामान, कष्ट, अंगकाठी यांप्रमाणे प्रत्येकाचा हिशेब निराळा निघाला. सरसकट सगळ्यांना एकच आकडा लावण्यात अर्थ नाही, हे त्यातून उघडच झालं.

आणि आपलं आमटी-भात, ताक, कढी, काकडीची कोशिंबीर, दोन वेळचा चहा? हे खात्यात धरायचंच नाही म्हणे! चहा तर शत्रुपक्षातला. वास्तविक चहातलं पाणीही अंगी लागतंच. कलिंगडात तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. पण कलिंगडावर रेघा कुठे असतात?

तांब्याच्या बाटलीवाल्या पंथाची आणखी मौज. ‘आमच्या आयुर्वेदात सांगितलंय’ असं म्हणत सकाळी उठल्याउठल्या लिटरभर ढोसतात. वाग्भटांनी अष्टांगहृदयात शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू वगळता धडधाकट माणसानेही पाणी बेतानेच प्यावं असं सांगितलंय, हे त्यांच्या कानावर घालायला गेलं तर ते तोंड फिरवून पुन्हा बाटलीच उघडतात.

हसण्यावारी नेऊ नका, प्रकरण जिवावरही बेततं. मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं होतं. त्यामागचं मोठं कारण म्हणजे पळता पळता नको इतकं पिणं! हां, ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी भरपूर प्यायलाच हवं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात कुणी कमी पिण्याचा शहाणपणा करू नये. म्हाताऱ्या माणसांना तहान नीट कळत नाही, तेव्हा त्यांना आठवण करून द्यायलाच हवी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांचं पाणी डॉक्टरच मोजून देतात.

खरी गंमत पुढेच आहे. महिला मंडळाची महाबळेश्वरची सहल ठरली, तेव्हा पहिला प्रश्न हॉटेलचा नव्हता. वाटेत कुठल्या पंपावरचं स्वच्छतागृह जाण्यासारखं आहे, हा होता. उत्तर कुणालाच येईना, म्हणून सकाळपासून कुणी घोटभरही पाणी घेतलं नाही. वेळापत्रकवाल्यासुद्धा! भर उन्हात चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस, भाजीवाली, एसटीतली कंडक्टर, यांचं तर रोजचंच हे. पाण्याची सगळ्यात जास्त गरज त्यांना, आणि जायला जागा नाही म्हणून त्याच तोंडाला पाणी लावत नाहीत. २०११ मध्ये मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी केली. मुतारी पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे, हा कुठला न्याय, असं त्यांनी महापालिकेला विचारलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पाण्याचे सतरा फायदे येतात. त्या चळवळीचा मेसेज काही मला अजून कुणी फॉरवर्ड केलेला नाही.