वळू शेजारच्या गावात असावा

घोडे पाळणाऱ्यांना घोड्याचं जितकं कळतं त्याहून जास्त मराठी व्याकरणाला कळतं. घोडा पुल्लिंगी, घोडी स्त्रीलिंगी आणि तट्टू नपुंसकलिंगी, अशा तीन दावणी भाषेने कधीच बांधून ठेवल्या आहेत. म्हणी तर आणखी पुढे गेल्या. गंगेत न्हातं ते घोडं, वरातीमागून येतं ते घोडं, भलत्याच ठिकाणी पेंड खातं ते घोडं, आणि चारचौघांत पुढे दामटायचं तेही आपलं घोडंच. काम निभावून न्यायची वेळ आली की मराठी माणूस मुकाट्याने नपुंसकलिंगाचा आसरा घेतो. घोडा त्याला लागतो तो कागदावर नाचवायला आणि चौकातल्या पुतळ्याखाली उभा करायला. असं असूनही प्रत्यक्ष जनावर विकत घ्यायला निघाला की हाच माणूस व्याकरण विसरतो आणि म्हणतो, ‘घोडा पाहिजे. अख्खा पाहिजे. मान कशी धनुष्यासारखी!’ बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या जळोचीसारख्या ठिकाणी, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला वसाहत अशा जागेत, ज्याला हौसेने तीन-चार घोडी बाळगायची आहेत त्याच्यासाठी हा लेख आहे. त्याने घोडीकडे जावं की खच्ची केलेल्या घोड्याकडे, एवढाच प्रश्न. धनुष्यासारखी मान या प्रश्नात बसत नाही. ती का बसत नाही हे आधी सांगतो.

हा प्रश्न जळोचीत बसून विचारण्याला अर्थ आहे, कारण हा मुलूखच घोड्याच्या नावाने ओळखला जाई. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. जुना भीमथडी तालुका याच भागातला, आणि भीमा-नीरेच्या या पट्ट्यातलं बुटकं, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर दिवसभर चालणारं जनावर म्हणजे भीमथडीचं तट्टू. मराठी फौजा त्याच्या पाठीवर बसून कुठवर गेल्या हे राज्यगीतातही आलं आहे. 2023 साली ते गीत अधिकृत झालं आणि तट्टाला, घोड्यांना सहसा न मिळणारी, शासनमान्यता मिळाली. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झंस्कारी यांच्या पंगतीत आपल्या तट्टाचं पान मांडलं गेलं. पण पान मांडायला जरा उशीरच झाला. 2019 च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टं मिळून साधारण 3 लाख 40 हजार भरली. 2012 च्या मानाने ही घट 45 टक्क्यांच्या वर होती. सात वर्षांत जवळजवळ निम्मी दावण रिकामी झाली. ती पुन्हा कशी भरायची, हे घोडी की खच्ची घोडा या वरवर घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाशी थेट बांधलेलं आहे.

आधी धनुष्यासारख्या मानेचा निकाल लावू. वळू घोडा हा सुंदर प्राणी आहे यात वाद नाही. पण लहान कळपात तो ठेवणं म्हणजे दोन खोल्यांच्या घरात ढोल-ताशा पथक पोसण्यासारखं आहे. आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा सोडत, आणि त्याच्या मागे शस्त्रधारी रक्षक पाठवत. धार्मिक अर्थ काहीही असो, व्यवहारी अर्थ सरळ आहे: वळू मोकळा सोडायचा तर मागे सैन्य लागतं. जळोचीतल्या हौशी माणसाकडे फार तर एक गडी आणि अर्धवट तारेचं कुंपण असतं. लांबच्या वस्तीवरची घोडी माजावर आली की वळूला ते वाऱ्यावरून कळतं, आणि त्यानंतर कुंपण ही त्याच्या लेखी केवळ सूचना उरते. एकाऐवजी दोन वळू ठेवले तर काय होतं हे बारामती-इंदापुरातल्या वाचकाला उलगडून सांगायला नको. गट कसे पडतात आणि मध्ये कोण चेंगरतं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मग एकटाच ठेवावा म्हणाल, तर तेही बरं नाही. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. त्याला आयुष्यभर वेगळा बांधून ठेवणं म्हणजे तुरुंगातल्या कैद्याला रोज चंदी आणि खरारा देऊन त्याला लाड म्हणणं. म्हणून वळू बाद. उरले दोन उमेदवार.

पहिला उमेदवार खच्ची केलेला घोडा. जुन्या भाषेत अख्ता. ‘खच्चीकरण’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. कार्यकर्त्यांचं होतं, संस्थांचं होतं, विरोधकांचं तर नेहमीच होतं. पण ज्याचं खरोखर व्हायला हवं त्या घोड्याच्या बाबतीत मात्र आपल्या तोंडून तो शब्द निघत नाही. पुरुषार्थ जातो, ताकद जाते, पाप लागतं, असे तीन आक्षेप तयार असतात. या तिघांना एकच उत्तर आहे आणि ते चार पायांचं आहे: बैल. महाराष्ट्राची शेती शेकडो वर्षं बडवलेल्या खोंडांनी ओढली. पोळ्याला, बेंदराला आपण त्यांची शिंगं रंगवतो, पुरणपोळी भरवतो आणि पाया पडतो. त्या वेळी कोणालाही बैलाच्या पुरुषार्थाची चिंता पडत नाही. ताकदीचं म्हणाल तर अमेरिकेत 1960 ते 1964 अशी सलग पाच वर्षं सर्वोत्तम ठरलेला शर्यतीचा घोडा केल्सो खच्ची होता. इंग्लंडची ग्रँड नॅशनल ही हाडं मोडणारी शर्यत 1973, 1974 आणि 1977 अशी तीनदा जिंकणारा रेड रमही तसाच. दोघांनाही ताकद गेल्याचं कोणी कळवलं नसावं. लहानपणीच खच्ची केलेल्या शिंगराच्या हाडांची वाढ थोडी उशिरा थांबते, त्यामुळे ते जरा उंचही होऊ शकतं. काळजी घ्यायची ती एवढीच, की हे काम पशुवैद्याने भूल देऊनच करावं आणि धनुर्वाताची लस आधी टोचलेली असावी, कारण धनुर्वात घोड्याला फार लवकर गाठतो. आणखी एक काळजी: शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्याला घोड्यांपासून, म्हणजे विशेषतः घोडीपासून, लांब ठेवावं. राजीनामा दिलेला अधिकारीसुद्धा जुन्या तारखेच्या सह्या काही दिवस करतच असतो.

असा हा अख्ता खरोखर गुणी असतो. सोमवारी जसा तसाच शनिवारी. नवशिक्याला पाठीवर घेतो, लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या गर्दीत उभा राहतो, नव्या जनावराला दावणीवर जागा देतो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या भल्या कारकुनासारखा त्याचा स्वभाव होतो: कोणाशी वैर नाही, वेळेवर हजर, डबा मात्र चुकवायचा नाही. ज्याला फक्त बसायचंच आहे, त्याने इथेच वाचन थांबवून अख्ता घ्यायला हरकत नाही. पण मी इथे थांबत नाही, कारण कळप म्हणजे नुसतं बसणं नव्हे.

दुसरी उमेदवार घोडी. तिच्यावरचा पहिला आरोप, ती लहरी असते. हा आरोप बहुधा त्यांनीच रचला ज्यांनी ‘घोडनवरी’ हा शब्द रचला. त्यामुळे तो तपासून घेतलेला बरा. घोडीचं ऋतुचक्र साधारण 21 दिवसांचं, त्यातले पाच ते सात दिवस माजाचे. दिवस मोठे असताना हे चक्र जोरात चालतं, थंडीत पुष्कळदा मंदावतं किंवा थांबतं. आता 21 दिवसांनी ठरल्याप्रमाणे येणाऱ्या गोष्टीला लहर म्हणत नाहीत, तिथी म्हणतात. दुधाचा हिशेब जसा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आकडे टाकून ठेवतो, तशी ही तिथीही टिपून ठेवता येते. त्या दिवसांत घाटातली सवारी काढू नये, एवढं शहाणपण पुरतं. वळूच्या लहरीला अशी तारीख नसते. ती बाराही महिने असते आणि तिलाच आपण पाणीदारपणा म्हणतो. शिवाय कळपातल्या शिस्तीचं पाहिलं तर पाण्याच्या हौदावर आधी कोण, चाऱ्यावर नंतर कोण, ही रांग बऱ्याचदा एखादी वयस्क घोडी नुसते कान मागे करून लावते. तिला पिछाडीला दोर नको आणि हातात चाबूक नको. असा बिनपगारी मुकादम दावणीवर असेल तर गड्याचं निम्मं काम वाचतं.

दुसरा आरोप जास्त वजनाचा आहे आणि तो म्हणीनेच केला आहे: घोडी मेली ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने. काही जण ही म्हण ‘घोडा मेला’ अशी सांगतात, पण ते पटत नाही. शिंगरू हेलपाटे घालतं ते आईच्या मागे. बापाच्या मागे फिरण्याची पद्धत घोड्यांत नाही. म्हणजे म्हण घोडीचीच, आणि तिच्यातली तक्रारही खरी. अकरा महिने गाभण, मग अंगावर पिणारं पोर, या काळात घोडीकडून ओझ्याचं काम घेतलं तर दोघंही खंगतात. पण म्हण नीट वाचली तर ती घोडी पाळू नका असं कुठेच म्हणत नाही. एकाच जनावरावर सगळा भार टाकू नका, एवढंच ती सांगते. आणि भार वाटून घ्यायला दुसरं जनावर कुठून आणायचं, या प्रश्नातच माझ्या साऱ्या युक्तिवादाची किल्ली आहे.

ती किल्ली अशी: घोडी पाळणाऱ्याला अख्ता आपोआप मिळतो, अख्ता पाळणाऱ्याला घोडी कधीच मिळत नाही. घोडीला होणाऱ्या शिंगरांत साधारण निम्मे नर. त्यांतला एखादा अपवादाने वळू म्हणून राखण्याजोगा, बाकीचे वेळेवर खच्ची करून कामाला लावायचे. म्हणजे घोडीचा मालक एका दावणीत दोन्ही पक्ष सांभाळतो. उलट चार गुणी अख्ते बाळगणाऱ्याचा कळप म्हणजे मुदत ठेवीसारखा दिसणारा पण व्याज न देणारा पैसा. वीस-पंचवीस वर्षांनी चौघंही म्हातारे होतात आणि दावण पुन्हा बाजारात जाऊन भरावी लागते. या भागातल्या धनगरांनी हा हिशेब कागदावर मांडला नाही, पण त्यांचा वाडा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरतो तेव्हा पाठीवर तळाचं सामान, कोकरं, कोंबड्या आणि प्रसंगी लेकरू वाहणारं जनावर हे नुसतं वाहन नसतं. ते पुढच्या जनावराचं बेणं असावं लागतं. वाटेत बाजार भेटेलच असं नसतं. पुराणालाही हे कळलं होतं. संज्ञेने घोडीचं रूप घेतलं तेव्हा तिच्या पोटी अश्विनीकुमार जन्मले, म्हणजे देवांना वैद्य मिळाले तेही जुळे. अख्त्याच्या नावावर एवढी मिळकत कोणत्याही पुराणात नाही.

यावर हुशार वाचक म्हणेल, मग दरवर्षी शिंगरं होत जातील आणि जळोचीतल्या दोन गुंठ्यांत अश्वदळ उभं राहील. राहणार नाही, कारण शिंगरू न होऊ देणं सगळ्यात स्वस्त आहे: घोडी लावायची नाही, बस. वळू दावणीवर नसला की हा निर्णय मालकाच्या हातात राहतो. असला की वळूच्या. चाऱ्याचाही हिशेब करावा. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो आणि उन्हाळ्यात पाण्याच्या बादल्या मोजाव्या लागतात. कारखान्याच्या पट्ट्यात उसाचं वाढं फुकटात मिळतं म्हणून घोड्याला त्यावरच ठेवण्याचा मोह होतो. वाढ्यातलं ऑक्झलेट घोड्याच्या हाडातला चुना खातं, तेव्हा तो मोह आवरावा. असा सगळा खर्च धरून जो जितकी पोसू शकेल तितकीच त्याने वाढवावी. घोडी भरवायची झालीच तर चांगल्या वंशाचा नोंदलेला वळू शोधावा आणि नात्यातला टाळावा. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात देवमण, पंचकल्याणी, आसूढाळ अशा भोवऱ्यांवर आणि पांढऱ्या पायांवर लाखांची घासाघीस होते. ती हौस खुशाल करावी, पण भोवऱ्याआधी पाय, खूर आणि दात पाहावेत. नशीब भोवऱ्यात असेल, पण चालणं खुरांवरच असतं.

शेवटचा आक्षेप प्रतिष्ठेचा. घोडीवर बसलं की रुबाब कमी पडतो म्हणे. ज्याला असं वाटतं त्याने पुढच्या लग्नसराईत वाजंत्र्यांमागे जरा खाली वाकून पाहावं. फेट्यातला नवरदेव ‘घोड्यावर’ बसलेला असतो आणि त्याच्या खाली कित्येकदा घोडी असते. बॅन्ड, फटाके, मोबाईलचे दिवे आणि नाचणारे मामा यांच्या मधून ती शांतपणे वाट काढते. त्याच्या आयुष्यातला सर्वात रुबाबदार तास तिच्याच पाठीवर जातो आणि त्याबद्दल कोणी तक्रार नोंदवल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा निकाल असा. चार जनावरांची दावण असेल तर तीन घोड्या आणि एक अख्ता. घोड्या वंशासाठी आणि शिस्तीसाठी, अख्ता घोडीच्या विश्रांतीच्या महिन्यांत ओझ्यासाठी आणि घरातल्या पोरांच्या सवारीसाठी. भीमथडीची जात कागदावर नोंदली गेली आहे. दावणीवर ती टिकेल ती घोड्यांच्या, म्हणजे स्त्रीलिंगी घोड्यांच्या, पोटातून. आणि वळू? तो अवश्य असावा, देखणा असावा, मान धनुष्यासारखीच असावी. फक्त तो शेजारच्या गावात असावा.