सावली सोडून उन्हात

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या सावली गावातून तिघं जण विश्वचषकाच्या फायनलमध्ये भारताला हरताना पाहायला अहमदाबादला गेले. जाताना त्यांचा तसा इरादा नव्हता, पण त्यानं काही बिघडत नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. धान कापणीला आलेलं, काहींच्या बांधीत कडपा पडलेल्या, मजूर नारळ देऊन बोलावले तरी येत नव्हते. गावोगावी मंडईची जत्रा भरत होती. अशा दिवसांत झाडीपट्टीतला शहाणा माणूस वैनगंगा ओलांडायलाही दहा वेळा विचार करतो. आमच्या तिघांनी एकदाही केला नाही. मोठ्या कामाची सुरुवात अशीच व्हावी लागते.

"कायले जाता गा येवढ्या दूर? टीव्हीवर तं सारंच दिसते," असं शेजारच्या आजोबांनी विचारलं. शहाण्या माणसांचं हेच चुकतं. टीव्हीवर सारंच दिसतं म्हणून तर दुसऱ्या दिवशी चौकात सांगायला काही उरत नाही. एक लाख माणसांच्या गर्दीत, लांबच्या कोपऱ्यातून, पुढच्याच्या झेंड्याआडून जे दिसत नाही, ते मात्र जन्मभर सांगता येतं.

सावलीला रेल्वे नाही. एसटीनं मूल, मग चंद्रपूर, मग बल्लारशाह, तिथून चेन्नईकडून येणारी नवजीवन एक्स्प्रेस. थेट अहमदाबादला नेणारी गाडी आमच्या जिल्ह्यातून जाते, हा विधिलिखिताचाच भाग समजायचा. तिकिटं वेटिंगवर होती. एका बर्थवर तिघं, एक बसलेला, एक टेकलेला आणि एक दाराजवळ, असे पाळीपाळीनं एक रात्र आणि पुढचा बराचसा दिवस त्यांनी काढला. सामन्याचं तिकीट नागपूरच्या ओळखीच्या माणसाच्या ओळखीच्या माणसाकडून आलं. ओळख जितकी लांबची तितका भाव वर, हा त्या बाजाराचा साधा नियम. त्या हंगामात धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. जाणं, येणं, राहणं, तिकीट, तिरंगी टोपी आणि गालावरचा रंग धरून माणशी चौदा क्विंटल धान लागलं. धान दर वर्षी पिकतं, फायनल काही दर वर्षी घरच्या देशात येत नाही. हा हिशेब मी स्वतः त्यांच्याकडून ऐकला आणि त्यात मला अजून चूक सापडलेली नाही.

राहायची अडचण झाली. एका लॉजवाल्यानं फोनवर जो भाव सांगितला, तो खोलीचा की लॉजचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. फायनलच्या महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरच्या भारत-पाकिस्तान सामन्याला, काही चतुर मंडळींनी अहमदाबादेत हॉटेल मिळेना म्हणून दवाखान्यातल्या खाटा बुक केल्या होत्या. रात्रीचा मुक्काम आणि सोबत संपूर्ण शरीराची तपासणी. आमच्या तिघांना ही युक्ती फार उशिरा कळली. नाहीतर मधल्याची शुगर तरी तपासून झाली असती. डोकं तपासण्याची सोय त्या पॅकेजमध्ये होती की नाही, माहीत नाही. गरज तशी कोणालाच वाटली नसती.

फायनलच्या त्याच मैदानानं त्याच वर्षी मे महिन्यात दाखवून दिलं होतं, की खरा भाविक कोण. आयपीएलची फायनल २८ मेला होती. पावसानं चेंडूच पडू दिला नाही. पिवळे टी-शर्ट घातलेली माणसं रात्री रेल्वे स्टेशनच्या फरशीवर झोपली, २९ला भिजकं तिकीट जपत परत आली, पुन्हा पाऊस झाला, आणि जडेजानं शेवटच्या चेंडूवर चौकार मारला तेव्हा ३० तारीख लागून दीड तास होऊन गेला होता. एका तारखेचं तिकीट, त्यात तीन तारखा. एवढी बरकत दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

हे वेड बाहेरून आलं, असं म्हणणाऱ्यांना झाडीपट्टी माहीत नाही. आमच्याकडे मंडईच्या दिवसांत वडशाच्या कंपन्यांचं नाटक लागतं. दोन-दोन तालुके ओलांडून माणसं येतात, तिकीट काढतात, कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून जमिनीवर बसतात आणि पहाटेपर्यंत रडतात. शंकरपटाचं तर विचारूच नका. बैलांची एक जोडी धावते, सेकंद मोजले जातात, संपलं. तेवढ्या काही सेकंदांसाठी माणूस दिवसभर धुळीत उभा राहतो आणि वर बैलाच्या मालकापेक्षा जास्त भांडतो. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या तेव्हा केवढी उपासमार झाली होती! मे २०२३ मध्ये घटनापीठानं मधल्या काळात मिळालेला हिरवा कंदील कायम केला, आणि त्याच वर्षी विश्वचषक. डोळ्यांची अशी चैन पिढीत एकदाच होते.

आणखी एक जुनं देणंही होतं. साबरमतीचा आश्रम सोडून आलेले गांधीजी १९३६ मध्ये गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी आमच्या सावलीत आले होते, राहिले होते, बोलले होते. सत्याऐंशी वर्षांत सावलीकरांनी साबरमतीच्या काठी परतभेट दिली नव्हती. ती या तिघांनी दिली. आश्रमात जायला वेळ मिळाला नाही, स्टेडियम मोटेऱ्याला आहे.

सामना दुपारी दोनला सुरू झाला. स्टेडियमला छत आहे, पण ते वरच्या ओळींना. आमच्या लोकांच्या वाट्याला खालची बाजू आली, म्हणजे सावलीची माणसं भर उन्हात. विमानांच्या कसरती झाल्या. रोहित शर्मानं ३१ चेंडूंत ४७ केल्या, तेवढ्यात चौदापैकी सहाएक क्विंटल वसूल झाल्यासारखे वाटले. तो गेला आणि मग सलग ९७ चेंडू एकही चौकार नाही. घरी बसलेल्यांनी या वेळात चहा केला, गाईला चारा टाकला. स्टेडियममधल्यांना उठताही येईना, कारण उठलं की जागा जाते आणि विकेटही पडते, अशी शास्त्रोक्त समजूत आहे. विराट ५४, राहुल ६६, सगळे मिळून २४०.

ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स आदल्या दिवशीच म्हणाला होता, की एवढ्या मोठ्या गर्दीला गप्प करण्यासारखं समाधान नाही. त्याच्याच चेंडूवर विराटच्या दांड्या उडाल्या आणि तो शब्दाला जागला. अधिकृत आकडा ९२,४५३ माणसांचा होता. इतकी माणसं एकाच वेळी गप्प बसलेली ऐकायला मिळणं, हे आमच्याकडच्या ग्रामसभेत तरी शक्य नाही. हेडनं १३७ केल्या, ४७ वर ३ वरून ऑस्ट्रेलिया ४३ षटकांतच पोचली. चषक द्यायची वेळ आली तोवर स्टँड ओस पडले होते. आमचे तिघं मात्र शेवटपर्यंत बसून होते. निष्ठा वगैरे काही नाही, गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

परत आल्यावर त्यांची किंमत वाढली. भारत जिंकला असता तर ते तिघं दीडशे कोटी भाग्यवंतांपैकी तीन असते. हरला, म्हणून ते साक्षीदार झाले. आजही पानटपरीवर कोणी त्या सामन्याचं नाव काढलं, की थोरला नुसता हात वर करतो आणि सगळे थांबतात. "तुम्ही पायलं, मी होतो," एवढंच म्हणतो. यापुढे वाद नाही.

आता एक क्षुल्लक गोष्ट. २६ फेब्रुवारी २०२५ पासून नागपूरजवळ जामठ्याला रणजी करंडकाची फायनल होती. विदर्भ विरुद्ध केरळ. सावलीहून पहाटे निघालं तर लंचपर्यंत पोचता येतं. दानिश मालेवारनं १५३ केल्या, करुण नायरनं ८६ आणि १३५, पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. आपला संघ, आपलं मैदान, आपला विजय, आणि बसायला हवी ती खुर्ची, सावलीतली.

मी थोरल्याला गाठून म्हटलं, चल. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. जामठा त्याला नवा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया आली होती तेव्हा ओल्या मैदानापायी वीसऐवजी आठ षटकांचा सामना झाला, त्यालाही तो होता, पूर्ण वीस षटकांचं तिकीट काढून.

"जामठ्याचं का आहे भाऊ," तो म्हणाला, "जवळच आहे. कधीबी जाता येते."